पेढ्याच्या खोक्याचं झाकण : पुण्यातल्या जुन्या देवळांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या देवळांची विश्वस्त मंडळं

स.न.वि.वि.

गेल्या मार्गशीर्षात तुमच्यापैकीच एका देवळात गेले होते. कुठलं ते लिहीत नाही. पेठेत नाव घेतलं की पत्र बाजूला राहतं आणि नावच चघळलं जातं. विठ्ठल-रखुमाईचं देऊळ, पुढे सागवानी सभामंडप, सुरूच्या घाटाचे खांब, आत दगडी गाभारा. गाभाऱ्याच्या दारावर, आतल्या अंगाला, तीन एलईडी फ्लड, म्हणजे रुंद झोताचे दिवे, ठोकलेले. त्यातल्या मधल्याला कुणीतरी पेढ्याच्या खोक्याचं झाकण सुतळीने बांधलं होतं. पुजारीकाकांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, "पांडुरंगाच्या डोळ्यांत जातो हो उजेड. आणि ओवाळताना माझ्याही."

मी प्रकाशयोजना करते. सुरुवात नाटकातली. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिराच्या विंगेत डिमरवर बसायचे, पुढे इमारतींची आणि संग्रहालयांची कामं आली. त्या जोरावर सांगते, त्या देवळात डोकं वापरून केलेली प्रकाशयोजना म्हणजे ते एक झाकण. बाकी सगळं तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानांतून आणलं आणि ठोकलं, इतकंच. (झाकण मी काकांच्या परवानगीने उतरवलं आणि फ्लडचं तोंड भिंतीकडे वळवून दिलं. तापणाऱ्या दिव्याला पुठ्ठा आणि हाताच्या अंतरावर पिढ्यान् पिढ्या तेल-तूप प्यायलेली लाकडी चौकट, हे बघवेना.)

माझ्या पिशवीत उजेड मोजायचं छोटं यंत्र असतं, लक्समीटर. गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय जायचं नाही, म्हणून फ्लड वळवायच्या आधी मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि मीटर काकांच्या हातात दिला. देवाच्या मुखापाशी धरा म्हटलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्याने वाचलं, "ताई, अठराशे चाळीस!" मग तिन्ही फ्लड बंद केले. राहिल्या दोन समया, पाच-पाच वातींच्या. काका म्हणाले, "सहा. सहाच दाखवतंय. बिघडलं वाटतं."

बिघडलं नव्हतं. एक मेणबत्ती एक मीटरवरून साधारण १ लक्स उजेड देते. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. ऑफिसात टेबलावर ३०० ते ५०० लक्स धरतात. म्हणजे आपण विठोबाला ऑफिसच्या टेबलाच्या चौपट उजेडात उभं केलं होतं. कर कटेवर ठेवून तो हे सहन करतो, हा त्याचा मोठेपणा.

फ्लड बंद झाल्यावर पहिलं मिनिटभर कुणालाच काही दिसेना. मागून एक काकू म्हणाल्या, "लाइट गेले का?" कुणी उत्तर दिलं नाही. दोन-तीन मिनिटं गेली असतील. आधी पितळी प्रभावळीची कड उजळली, मग नाकाचा शेंडा आणि गाल, मग खांद्यावरून उतरलेल्या शेल्याची जर. ज्योत हलायची तशी मुखावरची सावली हलत होती. फ्लडमध्ये जे गुळगुळीत काळं दिसायचं त्याला आता ओठ होते. काकू पुढे सरकल्या, त्यांनी हात जोडले आणि बराच वेळ हलल्याच नाहीत. मागच्या रांगेनेही घाई केली नाही. पुण्यात रांगेने घाई न करणं ही नोंद करून ठेवायची गोष्ट आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे : गाभाऱ्यातला अंधार बांधकामाचा भाग आहे. तुम्ही कळस जपता, दगड जपता, तसा तोही जपायचा आहे.

वीज नव्हती म्हणून बिचारे अंधारात बसायचे, असं आपण समजतो. पण ज्या गवंड्यांनी वाड्यांना चौक आणि झरोके ठेवले, त्यांना गाभाऱ्याला एक खिडकी ठेवता येत नव्हती असं नाही. त्यांनी ठेवली नाही. बाहेरच्या उन्हात एक लाखाच्या घरात लक्स असतात. सभामंडपात आलात की शेकड्यांत, अंतराळात, म्हणजे गाभाऱ्याआधीच्या लहान दालनात, आणखी कमी, गाभाऱ्याच्या दाराशी दहा-वीस. प्रत्येक टप्प्यावर डोळा थोडा उघडतो. त्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, पण कामापुरती सवय काही मिनिटांत होते, आणि देवळाची वाट नेमकी तेवढा वेळ घेते. जंगली महाराज रस्त्यावरून पाताळेश्वराला उतरून बघा. आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं लेणं. अंगणात नंदीचा गोल मंडप उन्हात, आणि पुढे खांबांमागून खांब ओलांडत जाल तसा उजेड मागे राहतो. रस्त्यावर रिक्षा कोकलत असतात, आत आवाज आपसूक खाली येतो. हे कुणी पाटी लावून सांगितलेलं नाही.

आता आरतीचं. त्या काकांनी मला ओवाळायची रीत दाखवली. निरांजन आधी चरणांशी, मग कमरेपाशी, मग छातीशी, मग मुखापुढे. मी इतकी वर्षं हे बघत आले आणि तो एक विधी आहे एवढंच समजत आले. अंधाऱ्या गाभाऱ्यात बघितल्यावर कळलं की हे दाखवणं आहे. गुरव हातातल्या ज्योतीने देव आपल्याला पायांपासून मुखापर्यंत दाखवतो, आणि सगळ्यांच्या माना त्या ज्योतीबरोबर वर जातात.

कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. क्रम तोच बघा. गुरव जे पाच मिनिटांत करतो ते सूर्य तिथे तीन संध्याकाळी घेऊन करतो. किरणांच्या वाटेत इमारती येतात म्हणून कोल्हापूरकर केवढा वाद घालतात, आणि बरोबर घालतात. आपल्याकडे तीच गोष्ट रोज सकाळ-संध्याकाळ होते आणि आपण ती आतूनच अडवून ठेवली आहे. दिव्यातून एकूण किती उजेड निघतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. ५० वॅटचा साधा एलईडी फ्लड साधारण ५००० ल्युमेन उजेड फेकतो. एका मेणबत्तीचे साधारण १२. म्हणजे एका फ्लडमध्ये चारशे ज्योती, तिनांत बाराशे. त्यापुढे निरांजनाने काय दाखवायचं? हात फिरतो, घंटा वाजते, आणि देवाच्या अंगावर काहीच बदलत नाही.

तुमची अडचण मला माहीत आहे. "ताई, म्हाताऱ्या माणसांना दिसत नाही." खरं आहे. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. पण तोच म्हातारा डोळा झगझगाटाने जास्त दिपतो, मोतीबिंदू असेल तर विचारूच नका. माझी आई एका देवळात पायरी चुकली आणि मनगट मोडून बसली. त्या देवळात उजेड कमी नव्हता, रग्गड होता. सगळा तिच्या डोळ्यांवर होता आणि पायरी तिच्याच सावलीत होती. म्हणून मी दिवे काढून टाका असं म्हणत नाही, दिवे खाली आणा म्हणते. पायऱ्या, उंबरा, प्रदक्षिणेची वाट, अभिषेकाच्या पाण्याने ओली झालेली फरशी, चपलांची जागा. तिथे गुडघ्याच्या उंचीवरून, दिवा स्वतः न दिसता, फक्त जमिनीवर पडणारा उजेड हवा, आणि तो भरपूर असू दे. गाभारा धुवायला झगझगीत पांढरा दिवाही ठेवा, त्याचं बटण वेगळं करा. चोरीची भीती असेल तर रात्री कॅमेऱ्याला इन्फ्रारेड पुरतं, देवाला रात्रभर जागं ठेवायला नको. आपणच शेजारती म्हणतो आणि मग ट्यूब चालू ठेवून दार लावतो, हे जरा विचित्रच नाही का?

रंगाचं थोडं तांत्रिक आहे, पण सांगायला हवं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर-तांबूस. तेलाच्या ज्योतीचा रंग साधारण १९०० केल्विन. दुकानदार जो 'व्हाइट' म्हणून देतो तो ६५०० केल्विन, ढगाळ दुपारचा. त्याहून वाईट म्हणजे स्वस्त एलईडीत गडद लाल जवळजवळ नसतोच. खोक्यावर सीआरआय ८० लिहिलेलं असतं (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं, शंभरपैकी, माप), पण तो आकडा ज्या आठ फिक्या रंगांवरून काढतात त्यांत भडक लाल धरलेलाच नाही. तो वेगळा मोजतात, त्याला आर-नाइन म्हणतात, आणि तो आकडा सहसा कुणी छापत नाही. आता हे शहर बघा. ग्रामदैवत कसबा गणपती, शेंदराचा तांदळा, म्हणजे अवयव न कोरलेली मूर्ती. जोगेश्वरी तर नावानेच तांबडी. कोपऱ्याकोपऱ्यावरचा मारुती शेंदरी. ज्या गावाचे देवच लाल, तिथे लाल नसलेला उजेड आपण विकत आणतो. मग शेंदूर विटकरी दिसतो आणि लोक म्हणतात, हल्ली शेंदूर पूर्वीसारखा मिळत नाही. शेंदराचा एवढा दोष नाही. दिवा घेताना २२०० ते २७०० केल्विन, सीआरआय ९० च्या वर आणि आर-नाइन किती, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार गडबडला तर दुसरं दुकान.

बाहेरच्या बाजूचं. सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती तुम्हाला ठाऊक आहेच. १७५४ मध्ये भीमगिरजी गोसावींनी बांधायला घेतलेलं दगडी देऊळ, दर्शनी भिंतीवर हत्ती, मोर, द्वारपाल, आणि गेंड्याला साखळदंड घालणारा इंग्रज शिपाई. हे शिल्प मी भर दुपारीही बघितलंय आणि बॅटरी घेऊनही. बॅटरी समोरून मारली की गेंडा दगडात विरघळतो. तीच बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारली की त्याच्या कातडीच्या घड्या मोजता येतात. कोरीवकाम सावलीत असतं. समोरून फ्लड मारणं म्हणजे सावल्या धुऊन काढणं, मग त्रिशुंड असो की तुमच्या दारावरची साधी गणेशपट्टी. आपला काळा पाषाण उजेड पितोही फार, म्हणून दगड उठून दिसावा यासाठी लोक आणखी मोठा फ्लड लावतात. त्याने दगड उजळत नाही, समोर राहणाऱ्यांची झोप तेवढी उडते.

जुन्यांना हे कळत होतं. दीपमाळ बघा. एक मोठा दिवा कुठेच नाही. हातभर अंतराने शंभर लहान ज्योती, खालपासून वरपर्यंत, देवळाच्या थोड्या पुढे. त्यातली कुठलीही एक डोळ्यांत खुपत नाही आणि सगळ्या मिळून अंगण उजळतात. त्रिपुरी पौर्णिमेला ओंकारेश्वराला किंवा पाताळेश्वराला तुम्ही पणत्यांचा दीपोत्सव बघितला असेल. शेकडो हात वाकून पणत्या लावत असतात. तशीच संध्याकाळ मी दुसऱ्या एका देवळात बघितली, पण तिथे वर रंग बदलणारे दिवे चालूच होते. शिखर पाच सेकंद जांभळं, पाच सेकंद पोपटी. खाली एक लहान मुलगी दोन्ही हातांनी वाऱ्यापासून पणती झाकत होती आणि तिच्या फ्रॉकचा रंग बदलत होता. रंग बदलणाऱ्या दिव्यांबद्दल मला एवढंच म्हणायचंय की ते आइस्क्रीमच्या दुकानाला शोभतात, आणि आइस्क्रीमच्या दुकानांशी माझं वाकडं नाही.

वायरमन मंडळींवर राग काढू नका, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. पण काही गोष्टी मंडळाच्या ठरावात घ्या. दगडाला ड्रिल नको. लोखंडी खिळा गंजला की फुगतो आणि आतून दगड फोडतो, हे दिसायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि तोवर मंडळ बदललेलं असतं. टांगायचंच असेल तर पट्टा आवळून किंवा चुन्याच्या सांध्यात, आणि पितळी किंवा स्टेनलेस. सागवानी मंडपातल्या काळ्या चिकटपट्टीच्या जोडण्या आधी काढा, नवे दिवे मागाहून. नवरात्रातल्या माळांचा लोड वेगळ्या लाइनवर घ्या. पाताळेश्वरासारख्या संरक्षित ठिकाणी पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय खिळा ठोकता येत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच देवळांना तसं कवच नाही, म्हणून तर हे पत्र तुम्हाला.

आणि दिवा बंद करणं हीही देखभालच. फ्रान्समधली लास्कोची गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली केली, १९६३ मध्ये बंद करावी लागली. माणसांचे श्वास आणि सतत चालू दिवे, यांनी हजारो वर्षांच्या चित्रांवर हिरवं शेवाळ धरलं. आपल्या दगडी देवळांत चार महिने ओल असते. ज्या कोनाड्यात चोवीस तास दिवा चालू असतो तिथेच दगड हिरवा का होतो, हे येत्या श्रावणात जाऊन बघा. पांढऱ्या-निळसर दिव्यावर किडे जास्त येतात, किड्यांमागे पाली, पालींमागे पुजाऱ्यांची तक्रार. ही तक्रार तुम्ही बैठकीत ऐकली असेल, दिव्याशी तिचा संबंध मात्र कुणी लावला नसेल.

राहता राहिला देणगीदार. त्यांना दुखवायचं नाही, मान्य. पण 'कै. तीर्थरूप यांच्या स्मरणार्थ' असं ट्यूबच्या पट्टीवर लाल अक्षरांत लिहिलं की ती ट्यूब देवळाची राहत नाही, ती घराण्याची होते. मग ती काढायची छाती कुणाची नाही. मी एका मंडळाला सुचवलं की देणगी दिव्याऐवजी तेलाची घ्या. एका घराने वर्षातल्या एका महिन्याचं समईचं तेल द्यायचं आणि फळ्यावर त्या महिन्यात त्यांचं नाव. बारा घरं आठवड्यात मिळाली आणि तेरावं घर रुसलं.

खर्चाची भीती वाटत असेल तर हिशेब करा. ५० वॅटचे सहा फ्लड बारा तास चालले की रोज ३.६ युनिट. ३ वॅटचे, अरुंद झोताचे, लपवलेले आठ दिवे तेवढाच वेळ चालले तर पाव युनिटाहून थोडं जास्त. चांगला लहान दिवा महाग पडतो हे खरं, डिमरही फुकट येत नाही. पण ताकद वाढवायला पैसे लागतात, कमी करायला नीट बघावं लागतं.

आता मागणं. निविदा काढू नका, इतक्यात तरी नको. तुमच्या देवळातल्या तीन संध्याकाळ मला द्या. पहिल्या दिवशी फक्त सगळे दिवे बंद करायचे आणि विश्वस्तांनी, सगळ्यांनी, मोबाइल खिशात ठेवून अर्धा तास सभामंडपात बसायचं. दुसऱ्या दिवशी मी तात्पुरते दिवे लावीन, दोरीने बांधून, एकही भोक न पाडता. तिसऱ्या दिवशी तुम्ही सांगाल ते कमी करायचं. तुम्ही वाढवा म्हणालात तर वाढवूही, पण आजवर चार ठिकाणी हे केलं आणि तिसऱ्या दिवशी कुणी वाढवा म्हटलेलं नाही. शेवटी भिंतीवर चार बटणं राहतील, मराठीत लिहिलेली : दर्शन, आरती, धुणं, रात्र. 'आरती' दाबलं की गाभाऱ्यातले विजेचे दिवे हळूहळू, मिनिटभरात, मंद होऊन विझतील. तोवर काकांचं निरांजन पेटलेलं असेल.

शिडी माझी, दिवे माझे, डिमर माझा. सोवळ्यातला माणूस मात्र तुमचा लागेल. मार्गशीर्षातले ते काका यायला तयार आहेत. लक्समीटर तेव्हापासून त्यांच्याकडेच आहे. रोज शेजारतीला फ्लड बंद करून मोजतात आणि आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. काल सात आला. खाली लिहिलं होतं, "वात जरा जाड वळली होती."

आपली,
एक प्रकाशयोजनाकार
सदाशिव पेठ, पुणे ३०